अण्णांची हत्यारं आणि ताईचं रुखवत

ताईचं लग्न ठरलं त्या संध्याकाळी, पेढा अजून तोंडात असतानाच, अण्णांनी जाहीर केलं की आपल्या रुखवतात लोकरीची बदकं आणि मोत्यांची तोरणं असला पोरकटपणा चालणार नाही. रुखवत लाकडाचं होईल, जाळीदार नक्षीचं होईल, आणि मांडवात शिरलेला प्रत्येक पाहुणा आधी त्या टेबलापाशी थांबेल. आईनं विचारलं, "पण करणार कोण?" हा प्रश्न अण्णांना फारच किरकोळ वाटला. "आधी प्रॉपर टूल्स तर येऊ देत," ते म्हणाले. अण्णा अंबरनाथच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात अधिकारी होते. दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू मोजायच्या आणि नापास करायच्या, हे काम वीस वर्षं केल्यामुळे आपण स्वतः कारागीर आहोत अशी त्यांची पक्की समजूत झालेली होती. घरात खिळा ठोकायचा झाला तर तो मी ठोकायची. अण्णा मागे उभे राहून तो तिरका गेला आहे हे सांगायचे.

शिवमंदिराच्या अलीकडे आमची दोन खोल्यांची जागा होती, पुढे पडवी. सोमवारी पहाटेपासून देवळाची घंटा, एरवी कारखान्याचा भोंगा, आणि त्या दोहोंच्या मध्ये आईचा पाटा-वरवंटा. लग्नघर झाल्यावर त्या पडवीत पाय ठेवायला जागा उरली नाही. एका अंगाला कुरडयांसाठी भिजवलेल्या गव्हाचा आंबूस वास, दुसऱ्या अंगाला बिरड्याचे वाल सोलत बसलेल्या शेजारणी. वाल चिमटीत धरला की टपकन सालातून सुटतो, तो आवाज दुपारभर चाले. त्या टपटपीत ताई बसलेली असे, मान खाली घालून, सगळ्यांची लाडकी. वसुधा किती शांत, वसुधा किती गुणाची. तिनं सुरू केलेला भरतकामाचा रुमाल तीन वर्षं एकाच पाकळीवर होता, पण गुणाची. मी तिच्याहून चार वर्षांनी लहान, काळी, फटकळ, आणि हातानं चलाख. पैकी शेवटचं कुणी मोजत नसे.

हत्यारं घ्यायला आम्ही उल्हासनगरला, एक नंबर कॅम्पात टहलूशेठकडे जात असू. मी पिशवी धरायला. टहलूशेठ हे पोट गल्ल्याला टेकवून बसणारे सिंधी गृहस्थ, त्यांच्या दुकानात कानशीपासून कुलपापर्यंत सगळं लोंबकळत असे. अण्णांचं उल्हासनगरच्या मालाबद्दल फार वाईट मत होतं. "सगळं डुप्लिकेट," असं ते दुकानाच्या पायरीवर उभं राहून, शेठना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, आणि मग आत जाऊन दोन तास बसायचे. नक्षीच्या करवतीची बारीक पाती शेठनी साध्या खाकी कागदात बांधलेली दाखवली. अण्णांनी ती बोटानंही शिवली नाहीत. मग शेठनी हात वर करून परदेशी अक्षरांचा निळा डबा काढला. अण्णांचा चेहरा उजळला. डब्यात तीच पाती होती. मी खाली वाकून पाहिलं, गल्ल्यामागे तसल्या निळ्या रिकाम्या डब्यांची चळत होती. शेठनी माझ्याकडे पाहिलं आणि डोळा मिचकावला. मी अण्णांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी मलाच नापास केलं असतं.

दोन महिन्यांत आमच्या पडवीत जे जमलं ते असं: पायाखाली बटण असलेलं जिगसॉ मशीन, ज्यात पातं उभं ताणलेलं असतं आणि शिलाईच्या सुईसारखं वरखाली होतं. बारा कानशींचा संच, त्यातल्या अकरा शेवटपर्यंत तेलकट कागदातच राहिल्या. सहा क्लॅम्प. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारं माप, ज्याची लाकडाला काडीचीही गरज नसते. हातमोजे. डोळ्यांचा चष्मा. आणि लाकूड? लाकूड म्हणून अण्णांनी सागाच्या इंचभर जाडीच्या फळ्या आणल्या, कारण "माझ्या मुलीच्या लग्नात प्लायवूड लावणार नाही." जाळीची नक्षी कापायला चार एमएमचा प्लाय लागतो हे टहलूशेठ तीनदा म्हणाले होते. पण ते उल्हासनगरचे.

आता परवाचीच गोष्ट, बदलापूरच्या नव्या टॉवरमधला एक मुलगा नक्षीकामाचा सल्ला मागायला माझ्याकडे आला होता. हातात फोन, फोनमध्ये चौदा वस्तूंची यादी. आजी, यातलं कोणतं मशीन बेस्ट? मी विचारलं, बाबा, कापायचं काय आहे? त्यानं असं पाहिलं जणू मी त्याला त्याची जात विचारली. कापायचं काय ते ठरलंच नव्हतं. दीडशे व्हिडिओ पाहून झाले होते, धूळ ओढणारा पंखा कुठला घ्यावा यावर त्याची मतं तयार होती, पण लाकडाचा तुकडा त्यानं अजून हातात धरला नव्हता. मी त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं. चहा देताना मला अण्णा आठवले आणि चहात साखर घालायची राहिली.

तर मशीन. अण्णांनी टेबलाला आवळलं, पातं चढवलं, चष्मा लावला, हातमोजे घातले, आईला पडवीतून हटवलं आणि पायानं बटण दाबलं. सागाची फळी खाडकन उचलली गेली आणि खाली आपटली. पुन्हा उचलली, पुन्हा आपटली. पत्र्याच्या डब्यात बेडूक सापडावा तसा आवाज. तिसऱ्या आपटीला पातं तुटलं. अण्णा म्हणाले, "व्हायब्रेशन आहे." मशीनखाली रबराच्या गाद्या आल्या. फळी उडतच राहिली. मग टेबल हलकं आहे असं ठरलं आणि त्याच्या पायांना विटा बांधल्या. आता टेबलही विटांसकट उडू लागलं. मग अण्णांनी अंबरनाथच्या विजेला दोष दिला आणि घरात एक व्होल्टेज स्टॅबिलायझर आला, फ्रीजला लावतात तसला. आमच्याकडे फ्रीज नव्हता. शेजारणी वाल सोलता सोलता पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि ताई कुजबुजली, "अगं, त्यांना वाईट वाटेल, हसू नका ना." लग्नाला पाच आठवडे उरले होते आणि रुखवताचं टेबल रिकामं होतं.

स्टॅबिलायझर आणला त्याच फेरीत, अण्णा त्याच्या माहितीपत्रकात डोकं घालून बसलेले असताना, टहलूशेठनी मला बोटानं जवळ बोलावलं. "बेटी, इधर आ. लकडी उछलती है ना?" मी मान हलवली. त्यांनी एक पातं काढलं, माझा अंगठा धरला आणि पातं त्यावरून हलकेच एकदा वर, एकदा खाली फिरवलं. खाली येताना ते खरखरलं, वर जाताना घसरलं. "ये देख, दाँत का मुँह. मुँह नीचे रखने का. पत्ती नीचे जाएगी तब काटेगी, लकडी को टेबल पे दबाके रखेगी. तेरे साहब ने मुँह ऊपर करके लगाया होगा. तो लकडी उठाएगी ही ना, साईं!" मी विचारलं, "मग तुम्ही अण्णांना का नाही सांगितलंत?" शेठ मराठीत म्हणाले, "तुझा अण्णा विचारत नाय ना बाबा. बिनविचारलं सांगून गिऱ्हाईक घालवू?" मग त्यांनी खाकी कागदातली दोन डझन पाती आणि चार एमएमच्या प्लायचा एक तुकडा पिशवीत टाकला.

दुसऱ्या दिवशी अण्णा भोंग्याबरोबर कामावर गेले. मी पातं उलटं केलं, दातांचं तोंड खाली. प्लायवर मैद्याच्या खळीनं कमळाचा कागद चिकटवला आणि बटण दाबलं. करवत अशी शिरली जशी विळी काकडीत. संध्याकाळी अण्णांना कमळ दाखवलं. त्यांनी ते उजेडात धरलं, माप लावलं, ते प्लायचं आहे याकडे काणाडोळा केला, मग स्टॅबिलायझरकडे वळून त्यावर थोपटलं. "बघितलंस? म्हणत होतो ना, व्होल्टेज." पुढची कित्येक वर्षं, येईल त्या पाहुण्याला अंबरनाथच्या विजेचा आणि लाकूडकामाचा संबंध समजावून सांगितला गेला. अण्णा गेले तेव्हाही त्यांचा विश्वास अढळ होता.

पाच आठवडे मी कापत राहिले. कॉलेजला दांड्या मारल्या. जावयाच्या नावाची पाटी, वेलबुट्टीची कंदिलाची चौकट, आठ खणांची जाळीची पालखी, तिच्या दांडीला मोराची तोंडं. पात्याला मेणबत्तीचा तुकडा घासला की ते तापत नाही, हे माझं मी शोधलं. आतली नक्षी कापायची तर आधी गिरमिटानं भोक पाडायचं, पातं त्यातून ओवायचं, पुन्हा ताणायचं. त्या पालखीला अशी तीनशेवर भोकं होती. अण्णा रोज संध्याकाळी एकेक नग तपासून पास करत. आणि लग्नाच्या आदल्या दिवशी आईनं, तिच्या सुवाच्य अक्षरात, प्रत्येक वस्तूपुढे ठेवायच्या चिठ्ठ्या लिहिल्या. *चि. सौ. कां. वसुधा हिने स्वहस्ते केले.* मी म्हणाले, "हे खोटं आहे." अण्णा म्हणाले, "रुखवत मुलीचंच असतं. तसंच लिहितात." आई म्हणाली, "तुझ्या लग्नात तुझं नाव लावू हो."  ताईच्या हाताला मेंदी होती, ती सुकेपर्यंत म्हणे बोटं हलवायची नाहीत. मला तिच्या त्या न हलणाऱ्या बोटांचा असा राग आला की अजून लख्ख आठवतो.

लग्न बदलापूरला झालं. मुलाकडचे बदलापूर गावातले, भातशेतीवाले, मोठं घर, आणि त्या घरात शब्द चालायचा तो ताईच्या सासूचा. त्यांना सगळे मोठ्या काकू म्हणत. काकू रुखवताच्या टेबलापाशी येऊन थांबल्या ते थांबल्याच. पालखीच्या जाळीतून त्यांनी करंगळी घातली, चिठ्ठी वाचली, आणि ताईला हाक मारली. "पोरी, तुझ्या हातचं हाय हे?" सगळा मांडव ऐकत होता. ताईनं अण्णांकडे पाहिलं, मग मान खाली घातली. खाली घातलेल्या मानेचा अर्थ आपल्याकडे नेहमी होकारच धरतात. "आमच्या देव्हाऱ्याची दारं वाळवीनं खाल्ली," काकू म्हणाल्या. "अक्षय्य तृतीयेला नवी लावू. सूनच करील." अण्णांचा चेहरा पिठासारखा झाला. आईनं माझा दंड घट्ट धरला. आणि मी? मला आनंद झाला. स्वच्छ, थंड आनंद. हो ना स्वहस्ते? मग कर आता.

मांडवपरतणीला ताई आली ती पंधरा दिवसांसाठी. आई रडत होती, पहिल्याच महिन्यात पोरीची लाज जाणार, त्या घरात तिला जन्मभर ऐकून घ्यावं लागणार. अण्णांनी यादी करायला घेतली, ताईबरोबर सासरी पाठवायच्या हत्यारांची, मशीन मात्र वगळून. ते त्यांना सोडवेना. ताई शांतपणे मला म्हणाली, "मला शिकव." मी अण्णांची यादी फाडली आणि तिला घेऊन टहलूशेठकडे गेले. त्या दिवशी मी फार भाव खाल्ला. हाताची नक्षीची करवत निवडताना वाकडी चौकट किती खोल आहे ते पाहायचं, नाहीतर फळीच्या मध्यापर्यंत पातं पोहोचत नाही. आवळून पात्याला नख मारलं की तुणतुण वाजलं पाहिजे, बद्द वाजलं तर चौकट ढिली. प्लायची कड डोळ्यासमोर धरायची, थरांत पोकळी दिसली तर ती फळी सोडायची. पाती बारीक, पण भरपूर, कारण नवशिक्याची पाती मुरमुऱ्यांसारखी मोडतात. पॉलिश पेपर दोन जातीचे. एक गिरमिट. खाच पाडलेली एक फळी, टेबलाला आवळायला. बस. शेठ माझं बोलणं ऐकत राहिले आणि शेवटी ताईला म्हणाले, "तेरी बहन तो उस्ताद है, बेटी." ताई म्हणाली, "हो, मला माहीत आहे." मला वाटलं, लाडीगोडी लावते आहे.

पंधरा दिवस तिला शिकवलं. ती सावकाश शिकली, तिच्या सगळ्याच गोष्टींसारखी, पण शिकली. उभं ओढायचं, वळणावर फळी फिरवायची, करवत नाही. भोक कुठं पाडायचं, खळ किती पातळ. सगळं सांगितलं. एक सोडून. पातं मोडलं की मी तिच्या हातातून करवत घ्यायची, "दे इकडे, वेळ जातो," म्हणून नवं पातं स्वतः चढवायची आणि परत द्यायची. पाठमोरी होऊन. दातांना तोंड असतं हे मी तिला सांगितलं नाही. तिथं गेल्यावर पहिलं पातं मोडेल, ती दुसरं चढवेल, आणि मग काय होईल ते मला पडवीत दोन महिने पाहून पाठ होतं. सुलट लागलं तर तिचं नशीब. पण नशिबावर इतकी दारं थोडीच होतात.

अक्षय्य तृतीयेला आठ दिवस असताना निरोप आला की धाकटीला पाठवा. मी बदलापूर गावात गेले ते, सगळ्यांसमोर काय ऐटीत बोलायचं याची मनात जुळवाजुळव करतच. मागच्या पडवीत ताई बसली होती, अंगठ्याला चिंधी बांधलेली, शेजारी जाळीचे मोडके तुकडे, तीन दारांचे तरी असतील. हातातल्या करवतीचं पातं उलटं होतं, मला दारातूनच कळलं. ताई मला पाहून हसली. काकूंनी मला आधी जेवायला बसवलं. तांदळाची भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढता वाढता त्या म्हणाल्या, "त्या पालखीचं तूच केलंस ना? तिसऱ्या दिवशीच सांगितलं तिनं मला. सगळ्यांसमोर सांगितलं. म्हणाली, आत्या, ते माझ्या बहिणीचं काम हाय, चिठ्ठी खोटी हाय, मांडवात वडिलांचा मान राहावा म्हणून बोलले नाय."

मी भाकरी खाली ठेवली. काकू बोलतच होत्या. "मी म्हटलं, मग बहिणीलाच बोलवू, तिच्याकडनंच करून घेऊ. तर म्हणते, नको, मला तिच्याकडनं शिकायचंय, लहानपणापासून शिकायचंय, ती कधी जवळ बसू देत नाय. आता ह्या निमित्तानं शिकवील. म्हणून गेली ती माहेरी. आणि आता चार दिवस झाले, फळी नुसती उडते, अंगठा कापून घेतला, तरी म्हणते, हत्यारं चांगली हायत, बहिणीनं सगळं शिकवलंय, माझाच हात चुकतो." मी विचारलं, "मग आमच्या घरी का नाही सांगितलं तिनं, तुम्हाला सगळं माहीत आहे म्हणून?" काकू म्हणाल्या, "तुझ्या बापाला काय वाटंल, म्हणून."

मी हात धुतला आणि पडवीत गेले. ताईच्या हातातून करवत घेतली. या वेळी पाठमोरी झाले नाही. नट सैल केला, पातं काढलं, तिचा चांगला अंगठा धरून त्यावरून एकदा खाली, एकदा वर फिरवलं, मग तोंड मुठीकडे करून आवळलं. तिनं चार वेळा ओढलं. फळी जागची हलली नाही. ताई पात्याकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. "हे सांगायचं राहिलं होतं का गं?" "विसरले," मी म्हणाले. "असू दे," ती म्हणाली आणि कापू लागली.

दारं वेळेत लागली. ताई आता ऐंशीकडे झुकली आहे, तिला डोळ्यांनी कमी दिसतं, पण मी लिहिलेलं प्रत्येक पान ती भिंग धरून वाचते आणि फोन करून म्हणते, किती खरं लिहितेस गं. अण्णांची टिंगल मी आयुष्यभर केली, याही पानांत पोटभर केली. अण्णांना पात्याची दिशा कळली नव्हती. मला कळली होती. हे पान उद्या तिच्याकडे जाईल. मी विसरले नव्हते, ताई.